चौदाशे बाइटांची पाटी

ऑक्टोबर १९९९ मध्ये नोकिया कंपनीचा ७११० हा मोबाइल फोन युरोपच्या दुकानांत आला. त्याचा पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६५ ठिपके उंच होता. आलेखाच्या कागदावर एक मिलिमीटरचा चौकोन म्हणजे एक ठिपका असे धरून हा पडदा काढला, तर तो आपल्या पोस्टकार्डापेक्षाही लहान भरतो. एवढ्याशा काळ्या-पांढऱ्या पाटीवर इंटरनेट दाखवण्याचा उद्योग त्या फोनने मांडला होता.

हे ज्या नियमांनी घडायचे त्यांना ‘वॅप’ म्हणत. बिनतारी यंत्रणेतून माहिती आणण्याचे ते नियम. जून १९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी एकत्र येऊन ‘वॅप फोरम’ स्थापन केला आणि १९९८ मध्ये नियमांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतरची तीन-चार वर्षे जगभर असंख्य तरुण वॅपसाठी सेवा तयार करायला शिकले. आपल्याकडच्या खाजगी संगणक वर्गांच्या जाहिरातींतही हा शब्द झळकू लागला. आज हाती असलेल्या फोनमधील ब्राउझर वॅपची मूळ भाषा ओळखतसुद्धा नाहीत. मग तिची चिकित्सा कशासाठी करायची? वॅप का फसले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते शिकवले कसे गेले, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारलेला नाही. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाला तोच प्रश्न अधिक जवळचा वाटावा.

प्रथम ही भाषा काय होती ते पाहू. तिचे नाव डब्ल्यूएमएल. वेबवरच्या एचटीएमएल भाषेत एक फाइल म्हणजे एक पान असते. डब्ल्यूएमएलमध्ये फाइल म्हणजे पत्त्यांचा कॅट आणि पडद्यावर एका वेळी दिसणारा मजकूर म्हणजे त्या कॅटातले एक कार्ड. फोनने एकदा कॅट मागवला की त्यातली सगळी कार्डे त्याच्या हातात येत. पहिल्या कार्डावर रेल्वेस्थानकांची यादी, दुसऱ्यावर गाड्यांच्या वेळा, तिसऱ्यावर भाडे असे मांडले, तर एका कार्डावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा जोडणी करावी लागत नसे. वापरणाऱ्याने निवडलेले स्थानक फोन स्वतःच लक्षात ठेवी आणि पुढच्या कार्डावर योग्य जागी बसवी.

ही कल्पना उत्तम होती, यात शंका नाही. मागणी एकदाच करावी, माहिती गठ्ठ्याने आणावी आणि मग ती तुकड्यातुकड्याने दाखवावी, हे तत्त्व पुढे मोठ्या पडद्यांवरच्या संकेतस्थळांनीही वापरले. वॅपची थट्टा करणारे पुष्कळ लोक हे विसरतात.

कॅटाला मात्र मर्यादा होती. ७११० फोनमध्ये तो सुमारे १४०० बाइटांपेक्षा मोठा चालत नसे. हे १४०० बाइट मूळ मजकुराचे नव्हेत, तर संकलित रूपाचे. फोन आणि इंटरनेट यांच्या मध्ये दूरध्वनी कंपनीचा एक संगणक बसलेला असे. त्याला गेटवे म्हणत. सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवरून डब्ल्यूएमएलचा मजकूर गेटवेकडे येई. तिथे ‘परिच्छेद सुरू’, ‘दुवा सुरू’ अशा प्रत्येक खुणेऐवजी एकेक बाइटाचा अंक घालून तो आटवला जाई आणि मग हवेतून फोनकडे रवाना होई. मजकुरात एखादी खूण उघडून बंद करायची राहिली, की गेटवे तो आटवायला नकार देई. वेबवरचा ब्राउझर अशा चुकांकडे कानाडोळा करतो. वॅपने तेवढी सवलतही ठेवली नव्हती.

आता थोडे गणित करू. त्या काळी जीएसएम फोनवरून माहिती सेकंदाला ९६०० बिट या वेगाने जाई. १४०० बाइट म्हणजे ११,२०० बिट, म्हणजे पूर्ण भरलेला कॅट फोनवर उतरायला १.१७ सेकंद लागत. समजा, मजकूर आटवलाच नसता आणि तो दुप्पट म्हणजे २८०० बाइटांचा राहिला असता, तर २.३३ सेकंद लागले असते. म्हणजे त्या सगळ्या आटवणीने एका कॅटामागे साधारण सव्वा सेकंद वाचला. संदेश पाठवून उत्तर येण्याच्या एका फेरीलाही त्या यंत्रणेत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जाई. वॅपने अशा काही फेऱ्या कमी केल्या, तेव्हा आणखी दोन-तीन सेकंद तिच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम नेटके होते.

पण हे सर्व घडायचे जोडणी झाल्यानंतर. युरोपात वॅप सुरू झाले तेव्हा फोनला इंटरनेटसाठी साध्या बोलण्यासारखाच कॉल लावावा लागे. तो लागून, ओळख पटून, गेटवेशी संधान जुळेपर्यंत दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ जाई. शिवाय कॉल चालू असेपर्यंत मिनिटांवर पैसे. पडद्यावरची बातमी वाचायला लागणारा वेळ, ‘आता कोणते बटण दाबू?’ असा विचार करण्याचा वेळ, चुकून मागे गेल्यावर परत येण्याचा वेळ, सगळ्यांचे बिल होई. वाचणाऱ्याचे डोळे पडद्यावरून फिरत असताना हवेतून एक बिटही जात नसे, मीटर मात्र पळत असे. ज्या यंत्रणेत विचार करण्याला पैसे पडतात, तिथे सव्वा सेकंदाच्या बचतीचे कौतुक कुणाला असणार?

माझा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो. वॅपची त्या वर्षांतली पुस्तके साधारण एकाच क्रमाने चालत. आधी नियमांच्या एकावर एक रचलेल्या थरांची आकृती, मग भाषेतल्या खुणा, मग तिला जोडून येणारी छोट्या आज्ञावलींची भाषा, शेवटी हवामान किंवा शेअरचे भाव दाखवणारा एक नमुना. विद्यार्थी हे सर्व संगणकावरच्या नकली फोनवर करून पाही. नोकियाने आणि अनवायर्ड प्लॅनेटने (ही कंपनी पुढे फोन डॉट कॉम झाली) असे नकली फोन मोफत वाटले होते. त्यात फोनचे चित्र दिसे, बटणेही दाबता येत. पण मजकूर येई तो त्याच संगणकातून किंवा शेजारच्या सर्व्हरवरून, क्षणार्धात. अक्षरे टंकायला पूर्ण कळफलक हाताशी. कॉल लागण्याची वाट नाही, बिल नाही, बसच्या गर्दीत एका हाताने फोन धरणे नाही. प्रयोगशाळेत घर्षण शून्य मानून गाडी उतरणीवर सोडावी आणि मग रस्त्यावर ती का थांबली याचे आश्चर्य करावे, तसा हा प्रकार होता. भाषा शिकवली गेली. ती ज्या अडचणीवर उत्तर म्हणून आली ती अडचण मात्र विद्यार्थ्याच्या अनुभवाला कधी आलीच नाही.

शिवाय दोन नकली फोन एकमेकांशी जुळत नसत. ‘पुढे जा’ अशी एकच आज्ञा दिली, तर फोन डॉट कॉमच्या ब्राउझरमध्ये ती थेट पडद्याखालच्या बटणावर बसे. नोकियात ती पर्यायांच्या यादीत आत जाऊन पडे आणि वापरणाऱ्याला दिसतही नसे. म्हणून एकच सेवा दोनदा लिहायची वेळ येई. नियम एक असले तरी अर्थ लावणारे दोन, आणि ही गोष्ट थरांच्या आकृतीत कुठे दाखवलेली नसे.

सुरक्षिततेबाबतही तेच. फोन ते गेटवे हा प्रवास एका पद्धतीच्या गुप्त लिपीत होई आणि गेटवे ते सर्व्हर हा दुसऱ्या पद्धतीच्या. मध्ये, गेटवेच्या पोटात, मजकूर क्षणभर उघडा पडे. कुलूपबंद पेटी टपाल कार्यालयात उघडून त्यातले पत्र दुसऱ्या कुलूपबंद पेटीत घालावे, तसे. दोन्ही कुलपे मजबूत होती, पण किल्ल्या टपाल कार्यालयाकडे! बँकांनी याला हरकत घेतली ते योग्यच होते. २००२ मध्ये आलेल्या वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत फोनपासून सर्व्हरपर्यंत सलग गुप्तता शक्य झाली. याच आवृत्तीने डब्ल्यूएमएल बाजूला सारून वेबच्या भाषेशी नाते सांगणारी भाषा मुख्य मानली. म्हणजे शिकलेली कार्डे आणि कॅट चार वर्षांत जुने झाले.

लंडनमध्ये २००० साली याकोब निल्सन यांच्या संस्थेने २० माणसांना वॅप फोन देऊन आठवडाभर निरीक्षण केले. आज दूरचित्रवाणीवर काय आहे, एवढे शोधायला लोकांना सुरुवातीला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागला आणि आठवड्याच्या सरावानंतरही दीड मिनिटाहून अधिक. एका सहभागी बाईंनी हिशेब केला, की वर्तमानपत्र विकत घेऊन कार्यक्रमांचे पान सोडून बाकीचे फेकून दिले तरी याहून स्वस्त पडेल. आपण वर्षभरात वॅप वापरू असे वाटत नाही, असे ७० टक्के लोकांनी सांगितले. २० जणांतले ७० टक्के म्हणजे १४ माणसे, हे विसरू नये. एवढ्या लहान नमुन्यावरून टक्केवारी काढणे मला फारसे रुचत नाही. मिनिटांची मोजणी मात्र बोलकी आहे, कारण ती घड्याळाने केली होती. पुस्तकांनी विद्यार्थ्याच्या हाती असे एक घड्याळ दिले असते तर!

याच सुमारास जपानमध्ये वेगळे चित्र होते. एनटीटी डोकोमो या कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी ‘आय-मोड’ ही सेवा सुरू केली. ऑगस्ट २००० पर्यंत तिचे ग्राहक एक कोटीवर गेले आणि मार्च २००१ पर्यंत दोन कोटींवर. तिचा वेगही सेकंदाला ९६०० बिट एवढाच होता. फरक असा, की माहिती १२८ बाइटांच्या पाकिटांतून जाई आणि प्रत्येक पाकिटाला ०.३ येन पडत. आपला १४०० बाइटांचा कॅट म्हणजे ११ पाकिटे, ३.३ येन. मग तो मजकूर पाच सेकंद वाचा की पाच मिनिटे. कॉल लावायचा नाही, बटण दाबले की सुरू.

आणि भाषा? ती ‘कॉम्पॅक्ट एचटीएमएल’ होती, म्हणजे वेबच्याच भाषेतून काही भाग वगळून केलेली. तक्ते नाहीत, चौकटी नाहीत, जेपीईजी चित्रे नाहीत, तऱ्हेतऱ्हेचे अक्षरवळण नाही. वर, खाली, निवडा आणि मागे या चार बटणांवर सगळे चालावे अशी अट. ज्याला वेबचे पान लिहिता येत होते त्याला ही भाषा येतच होती. त्याने फक्त काय वापरायचे नाही तेवढे शिकायचे. गेटवे जपानमध्येही होता, पण सेवा लिहिणाऱ्याला त्याची दखल घ्यावी लागत नसे.

यावरून पुष्कळांनी सरळ निष्कर्ष काढला, की शिकायला सोपी भाषा जिंकली आणि अवघड भाषा हरली. हा निष्कर्ष ऐकायला गोड आहे, विशेषतः आपल्या व्यवसायातल्या लोकांना. पण विज्ञानाच्या शिक्षकाने इथे विचारले पाहिजे, की तुलनेसाठी ठेवलेला दुसरा प्रयोग कुठे आहे? योगायोगाने तो जपानमध्येच सापडतो. डोकोमोच्या प्रतिस्पर्ध्यांनी, जे पुढे केडीडीआय या नावाने एक झाले, १९९९ मध्येच ‘ईझेडवेब’ ही सेवा काढली. तिच्यात अनवायर्ड प्लॅनेटचीच एचडीएमएल ही भाषा होती. डब्ल्यूएमएलची ती जननी, आणि कार्डे व कॅट तिच्यातही होतेच. लवकरच तिथेही पाकिटांवर आकारणी होऊ लागली. ईझेडवेबला लाखो ग्राहक मिळाले. म्हणजे वॅपच्या घराण्यातली भाषा वेगळ्या व्यवस्थेत व्यवस्थित चालली.

उलट बाजूने पाहा. आय-मोड २००२ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये गेले, २००५ मध्ये ब्रिटनमध्ये. भाषा सोपी तीच, पण जपानसारखे यश तिला कुठेही मिळाले नाही. जपानमध्ये डोकोमो फोन कसा असावा हे स्वतः ठरवून देई, त्यामुळे सेवा लिहिणाऱ्याला सगळे फोन जवळपास सारखे वागताना दिसत. मान्यताप्राप्त सेवांचे शुल्क तीच महिन्याच्या बिलात वसूल करी, त्यातले ९ टक्के ठेवून बाकीचे लिहिणाऱ्याला देई. लिहिणाऱ्याला पोट भरण्याची खात्री होती. युरोपातल्या काही कंपन्या मात्र ग्राहकाला आपल्याच दारात अडवून ठेवू पाहत होत्या. फ्रान्समध्ये २००० साली हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता.

मग शिकायला सोपे असण्याचे महत्त्व शून्य का? तसे मी म्हणणार नाही. डोकोमोच्या यादीत नसलेली, हौशी लोकांनी स्वतःच्या मनाने केलेली आय-मोड स्थळे मान्यताप्राप्त स्थळांच्या कित्येक पट होती. शाळकरी मुलांपासून दुकानदारांपर्यंत कुणीही पान लिहावे आणि त्याच संध्याकाळी मित्राच्या फोनवर पाहावे. भाषेच्या सोपेपणाचा परिणाम बाजारातल्या हारजितीत शोधण्यापेक्षा इथे शोधावा. सेवा यशस्वी होण्यासाठी आकारणीची पद्धत लागली. ती सेवा कुणाच्या हातची असेल हे भाषेने ठरवले. वॅपवर लिहिणारे बहुतेक अभियंते राहिले. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की दोन्ही नीट समजत नाहीत आणि बहुतेक समीक्षकांनी त्या कालवल्या.

डोकोमोने आय-मोड बंद करण्याची घोषणा २०१९ मध्ये केली आणि ३१ मार्च २०२६ ही अखेरची तारीख ठरवली. वॅप फोरम २००२ मध्येच एका मोठ्या संघटनेत विलीन झाला होता. यांतले काहीही आज नोकरीसाठी कुणाला शिकायचे नाही. तरीही आठवी-नववीच्या वर्गात हा विषय दोन तासिका घेण्याजोगा आहे, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही.

त्या फोनवरची चित्रे फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची असत. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, काळा असेल तर ० आणि पांढरा असेल तर १. सुरुवातीला चार बाइटांत चित्राचा प्रकार, रुंदी आणि उंची सांगायची, पुढे ठिपके. पूर्ण पडद्याचे चित्र म्हणजे ९६ गुणिले ६५, म्हणजे ६२४० बिट किंवा ७८० बाइट. वरचे चार धरून ७८४. मुलांना आलेखाच्या कागदावर आपल्या गावचा नकाशा एवढ्या ठिपक्यांत काढायला सांगावा. कोणता रस्ता ठेवायचा आणि कोणता गाळायचा यावर वर्गात भांडण झाल्याशिवाय राहणार नाही. मग बटणे मोजावीत. जुन्या फोनच्या कळांवर तीन-चार रोमन अक्षरे एकेका कळीवर असत. ‘पुणे’ हे नाव रोमन लिपीत चार अक्षरांचे, पण त्याला सात वेळा कळ दाबावी लागे आणि ‘मुंबई’ला दहा वेळा. आपल्या गावाला किती, हे मुले घरी विचारून येतील. जुना बटणांचा फोन अजून पुष्कळ घरांच्या फडताळात पडून आहे.

शेवटी देवनागरीचा हिशेब करावा. त्या काळच्या बहुतेक वॅप फोनमध्ये देवनागरीचा अक्षरसंचच नसे. तो आहे असे धरले, तरी युटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. रोमन लिपीत तोच शब्द ११ बाइटांत बसतो. १४०० बाइटांत फार तर ४६६ चिन्हे मावतील, आणि त्यातूनही खुणांसाठी जागा काढायची आहे. अक्षरे चित्र म्हणून पाठवायची ठरवली, तर १६ ठिपके उंचीच्या चारच ओळी पडद्यावर बसतात, शिवाय चित्र कॅटापासून वेगळे मागवावे लागते, म्हणजे आणखी एक फेरी. या परिच्छेदातली चिन्हे मुलांकडून मोजून घ्यावीत. तो एका कॅटात मावत नाही. काय गाळल्यावर मावेल, हे त्यांनाच ठरवू द्यावे.